दुपारचा फोटो

हे मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हाही नाही — तिथेही घरच्यांच्या तब्येतीचंच मागते, आणि हे शब्द ओठांशी आले की पटकन प्रदक्षिणेला लागते. आज लिहून राहिली. लिहितानाही दार लोटून बसली आहे. अंगणात कोणाची चप्पल वाजली की वही गादीखाली सारते, मग ती चप्पल सासूबाईंची निघते, मग वही पुन्हा काढते. एवढी कशाची भीती? सांगते. सरळ सांगता आलं असतं तर केव्हाच सांगून मोकळी झाली असती. सासूबाई म्हणतात, हिला मीठ मागायचं असलं तरी ही आधी भाजी कोणत्या वावरातली ते सांगेल. तर थोडं सांभाळून घ्या.

मी मेट आहे. रोजगार गारंटीच्या कामावर मजुरांची हाजरी घेते. गावातल्या गरीब घरांना सरकार वर्षातले ठरलेले दिवस काम देतं — तलाव, शेततळं, रस्ता, झाडांचे खड्डे — आणि त्या मजुरांतूनच एक जण मेट होतो. आमच्या गावाला शिकलेली, मोबाइल चालवणारी बाई पाहिजे होती. मध्य प्रदेशातल्या सौंसरहून लोधीखेड्याच्या रस्त्याला लागलं की आत वळणारं आमचं गाव. शिकलेल्या मुली लग्न होऊन नागपूरला जातात, अन् इथे सुना येतात त्या माझ्यासारख्या, बारावी हिंदीत झालेल्या. सरपंचबाईंनी मला बोलावलं. मी हो म्हटलं. दोन दिवस पाय जमिनीवर नव्हते माझे! हातात घमेलं घेऊन उन्हात उभं राहण्यापेक्षा हातात मोबाइल घेऊन उन्हात उभं राहणं — तुम्हीच सांगा, कोणाला नको आहे?

पण मेटची मेटगिरी मजुरांच्या संख्येवर असते. मजूर कमी झाले तर मेट ठेवत नाहीत. मग मेटही बाकी बायांसोबत चौकडीत उतरते. चौकडी म्हणजे मापानं आखून दिलेला खड्डा, तो खणायचा आणि माती वर बांधावर टाकायची. हे मी आत्ताच का सांगून राहिली? कारण पुढे मला स्वतःला दयाळू दाखवण्याची खोड लागेल, मी ओळखते मला. काकूला कामावर घेतलं ते दयेनं नव्हे. मला माणसं कमी पडत होती.

बेबीकाकू. माझ्या घरापासून तिसरं घर. नात्यानं काही नाही, पण गल्लीतली सगळ्यांचीच ती काकू. मी लग्न होऊन आली तेव्हा कामावर पहिल्या दिवशी डोक्यावर घमेलं ठरत नव्हतं. जुन्या लुगड्याची चुंबळ कशी वळायची, मानेला झटका न देता घमेलं कसं उतरवायचं, हे तिनं शिकवलं. शिकवताना सगळ्यांदेखत हसलीही. 'पायजो बावा, मान मोडली तं तुह्या सासूले आम्ही काय सांगाव?' विधवा बाई, एक मुलगा, तो फॅक्टरीत पाळीवर जातो. काही वर्षांमागे तोंडाला लकवा मारला, तो बराही झाला, पण डावा डोळा पूर्ण मिटत नाही तेव्हापासून. झोपली तरी तो डोळा थोडा उघडा. मुलं घाबरायची. ती मुद्दाम तो डोळा मोठा करून अजून घाबरवायची.

तोच डोळा आडवा आला. चेहऱ्याची ओळख करायचं नवीन निघालं होतं. मोबाइल चेहऱ्यासमोर धरायचा आणि तो सांगेल तेव्हा दोन्ही डोळे मिचकवायचे, तेव्हा माणूस जिवंत आहे हे त्याला पटतं. काकूचा एकच डोळा मिटायचा. तीनदा केलं, तीनदा लाल. ती म्हणाली, 'हा मेला मलेच डोळा मारून रायला का वो?' बाया हसून हसून खाली बसल्या. मीही हसली. पण काकूचं जॉब कार्ड तिथे अडकलं, मस्टरवर, म्हणजे हाजरीच्या यादीत, नाव निघेना. ते सोडवायला सौंसरला जनपदच्या, म्हणजे तालुक्याच्या, कचेरीत जाऊन अर्ज द्यायचा होता. मी म्हटलं, मी देते. पुढच्या सोमवारी, म्हटलं. तो सोमवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. अर्ज माझ्या पर्समध्ये घडी घालून होता.

मग मीच रस्ता काढला. काकूची धाकटी जाऊ वनिता हिचं नाव मस्टरवर होतं, पण वनिता पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या तोडीवर जात होती, तिथे रोख मिळतं. मी काकूला म्हटलं, वनिताच्या नावावर तुम्ही या. वनिताला काय, तिच्या खात्यात आलेले ती काकूला देईल. असं सगळीकडेच चालतं. म्हणजे — नाही, हे खोडते. सगळीकडे चालतं की नाही मला माहीत नाही. आमच्या कामावर मी चालवलं.

आता फोटोचं सांगते. कामावरून दिवसातून दोनदा फोटो चढवावा लागतो, सकाळी एक आणि दुपारी एक. सगळे मजूर दिसले पाहिजेत. फोटो चढला नाही तर त्या दिवशीची हाजरी बुडाली. वनिता काही काकूसारखी दिसत नाही, ती उंच आणि सावळी. म्हणून मी काकूला शिकवून ठेवलं होतं, फोटोच्या वेळी पदर पुढे घ्यायचा. आमच्याकडच्या वयस्क बायांनी पदर पुढे घेतला तर कोण काय म्हणतो? पंधरा दिवस असे गेले. काकू फोटोला उभी राहिली की नव्या नवरीसारखी मान खाली घालायची, आणि फोटो झाला की पदराआडून विचारायची, 'काहून मेटीणबाई, नवरदेव पसंत पडला का?'

काम शेततळ्याचं होतं, नाल्याच्या वरच्या अंगाला. तिथली जमीन वर कडक मुरूम, खाली मऊ पांढरी माती. आता कडक मुरूम वरून टिकास मारून फोडायचा तर दिवस जातो. म्हणून बाया काय करतात, खालची मऊ माती आधी कोरून काढतात. वरचा मुरूम छज्ज्यासारखा पुढे राहतो, मग वरून सब्बल, म्हणजे पहार, घातली की आपोआप ढासळतो. एका घटकेत दिवसाचं माप. मला प्रशिक्षणात सांगितलं होतं की असं करू द्यायचं नाही, काठाला पायऱ्या पाडत खाली जायचं. मी एक-दोनदा बोललीही. मग सोडून दिलं. माप पूर्ण झालं तर बाया खूश, बाया खूश तर दुसऱ्या दिवशी येतात.

त्या दिवशी सकाळी मोबाइलवर निरोप आला, पंचायतीच्या रोजगार सहायकाकडून. त्याच्याकडेच आमची सगळी नोंद असते. निरोप असा, की वरून फोटो तपासून राहिले, चेहरा झाकलेला मजूर गैरहाजर धरतील आणि मेटला काढतील. दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. सकाळचा फोटो कसाबसा मागच्या रांगेत काकूला उभं करून निभावला. जेवणाच्या सुट्टीत बायांनी भाकरी सोडल्या. काकूनं मला आंब्याच्या लोणच्याची फोड दिली, ती हातातच राहिली. काकू म्हणाली, 'खात काहून नाईस? तब्येत बरी नाई का?'

दुपारचा फोटो काढला. आणि काठ ढासळला. काकू त्याच्याखाली होती.

इथे मी काहीतरी सोडून पुढे चालली आहे. कळतं मला. येते परत तिथे, येणारच आहे. जरा दम घेऊ द्या.

बायांनी हातांनी माती उकरली. फावडं मारायची कोणाची हिंमत नव्हती, अंगाला लागलं तर? मी उकरत होती की उभी होती, हे मला आजही आठवत नाही. नखांत माती होती संध्याकाळी, म्हणजे उकरत असेल. काकू निघाली. श्वास होता. डोक्याला खोक पडली होती आणि उजवा पाय असा वळला होता की मी मान फिरवली. कोणाचा तरी ट्रॅक्टर आणला, सौंसरच्या दवाखान्यात, तिथून नागपूरला. कंबरेजवळचं हाड तुटलं होतं. आत लोखंडी पट्टी टाकली. एक पाय दोन बोटं आखूड झाला तो झालाच.

ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा झाला नाही तोच रोजगार सहायक आणि पंचायतीचे सचिव मोटारसायकलवर आले. मस्टर पाहिलं. बेबीकाकूचं नाव नाही. सचिवांनी मला बाजूला घेतलं नाही हो, तिथेच, सगळ्या बायांसमोर विचारलं की ही बाई कामावर होती का. आवाज चढवला नाही. दम दिला नाही. पुढे कोणी विचारलं तर मी सांगू शकेन की मला धमकावलं होतं — तर तसं झालं नाही. त्यांनी फक्त विचारलं. हो म्हटलं असतं तर बदलीचा मजूर मी ठेवला हे निघालं असतं, काठ कोरू दिला हे निघालं असतं, मेटगिरी गेली असती, वर पोलीस. डोळ्यांपुढे मला माझ्याच घरासमोर पोलिसांची गाडी दिसली, सासूबाई ओट्यावर उभ्या दिसल्या.

'नाही,' मी म्हटलं. 'काड्या वेचायला आली होती.'

सतरा बाया तिथे होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. कोणी डोळ्याला पदर लावला, कोणी घमेली उचलून ठेवायला लागली. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना पुढच्या सोमवारी माझ्याच हातून हाजरी लावून घ्यायची होती. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बेबीकाकू कामाच्या जागी काड्या वेचायला शिरली आणि दबली. कोणी म्हणालं, काड्या कशाच्या, मुरूम चोरून नेत होती ओटा भरायला. हे मी म्हटलं नव्हतं. पण मी खोडूनही काढलं नाही.

आणि एक सांगते, म्हणजे माझ्या खोट्यानं तिचं काय गेलं ते तुम्हाला कळेल. कामावर मजुराला लागलं तर औषधपाणी सरकार करतं. पडून राहील तेवढे दिवस अर्धी मजुरी मिळते. अपंग झाला तर वेगळी मदत. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण गावच्या सभेत हा कागद मोठ्यानं मीच वाचला होता, आणि काकूनं समोर बसून मान हलवली होती. तिच्या मुलानं दोन शेळ्या विकल्या, तिची पोत मोडली, पाळी बुडवून नागपूरला बसला. आईवर चिडचिड करायचा, की काड्या काय घरात नव्हत्या? कायले मेली तिकडे? मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. भिंतीपलीकडून नाही, समोर बसून, त्यांच्या घरचा चहा पीत.

तेव्हापासून मी घाबरते. आधी वाटायचं आठ-पंधरा दिवस घाबरेन, मग सरेल. नाही सरत हो! अनोळखी नंबर असला की उचलत नाही. गावात कोणी पँट-शर्टातला, हातात फाइल असलेला दिसला की मी मागच्या दारानं वाडीत जाते. मांजर आडवं गेलं तर लोक थुंकतात, मी मोटारसायकल पाहून थुंकते. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखवू, तुझं बीपी वाढलं असेल.

सगळ्यात जास्त भीती त्या फोटोची. तुम्हाला वाटेल फोटो माझ्या मोबाइलात असेल, पुसून टाकला की झालं. तसं नसतं. तो वर चढला आहे. दुपारचा फोटो, माती पडायच्या आधीचा, चढला तो चढलाच. कोणीही उघडून पाहू शकतो — गाव टाका, कामाचं नाव टाका, तारीख टाका, समोर येतो. काकूचा मुलगा दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असतो. एक दिवस त्याला सुचलं तर? मी स्वतः किती वेळा उघडला असेल! सतरा बाया उन्हात डोळे बारीक करून उभ्या, आणि मागे अंधारात एक जण. मोठं करून पाहिलं की फक्त पांढरं दिसतं काहीतरी. तो डावा डोळा आहे. मागे तीन-चार हात मुरमाचा छज्जा स्पष्ट दिसतो. काड्या वेचणारी बाई फोटोला अशी उभी राहते का?

तर आता त्या जागी येते, जी मघाशी सोडली.

नाही, अजून एक. काकू घरी आल्यानंतरचं आधी सांगू द्या, त्याशिवाय ते नीट कळणार नाही.

डोक्याला मार लागल्यामुळे काकूला तो दिवस आठवत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आठवेल किंवा नाही आठवणार. मला किती बरं वाटलं, काय सांगू! जीव भांड्यात पडला. घरच्यांनी, गल्लीतल्यांनी तिला सांगितलं की तू काड्यांना गेली होतीस. वनितानंही सांगितलं, वनिताला स्वतःचं भेव, ती त्या दिवशी मस्टरवर हजर आणि संत्र्याच्या बगिच्यात उभी. एवढे जण सांगतात म्हटल्यावर काकूही तेच सांगू लागली.

मग दोन महिन्यांनी कार्डाचं पुन्हा निघालं. ज्यांची चेहऱ्याची ओळख राहिली त्यांची घरोघरी जाऊन करा, मेटनं करा. यादीत पहिलं नाव काकूचं. मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी गेली. काकू खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, खाटेजवळ कुबडी. केस पार पांढरे झाले होते. मी मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर धरला. इतका जवळ की तिच्या तोंडाचा सुपारीचा वास येत होता. मोबाइल म्हणाला, डोळे मिचकवा. ती मिचकवत होती, एका बोटानं डाव्या पापणीला खाली ओढत होती. आणि मधेच थांबली. माझ्याकडे पाहिलं.

'एक विचारू का वो?' ती म्हणाली. 'तू मले मांगं सरा म्हटलं होतं का? का मले भास होऊन रायले?'

आता ऐका.

त्या दिवशी दुपारी काकूचा चेहरा झाकायचा नव्हता आणि दिसू द्यायचाही नव्हता. ऊन समोरून होतं, सगळ्यांचे चेहरे लख्ख येत होते. पण कोरलेल्या काठाखाली गर्द सावली होती. माझ्या डोक्यात आलं, तिथे उभी केली तर बाई दिसेल आणि चेहरा दिसणार नाही. मी म्हटलं, काकू, मागे सरा. ती एक पाऊल सरली. मी मोबाइलमध्ये पाहिलं, चेहरा दिसत होता. म्हटलं, अजून मागे. त्या कपारीत. ती म्हणाली, 'इथं माती टपकून रायली माह्या डोक्यावर.' मलाही दिसत होती. बारीक धार होती, वरून पिठासारखी गळत होती. हे मी पाहिलं. मला काठ कोरलेला माहीत होता, धार दिसत होती, आणि मी म्हटलं, 'एकच मिनिट, काकू. हलू नका.'

फोटो काढला. तिथे नेट कमी, फोटो चढेपर्यंत गोल फिरत राहतो, आणि नाही चढला तर दुसरा काढावा लागतो. म्हणून मी कोणाला जागेवरून हलू दिलं नाही. बाकीच्या कुरकुरत होत्या. काकू हलली नाही. मी सांगितलं होतं म्हणून हलली नाही. मोबाइलवर फोटो चढल्याचं आलं, मी 'झालं' म्हणायला तोंड उघडलं, आणि वरचा मुरूम खाली आला.

पदर, बदली, अर्ज — हे सगळं मी वर लिहिलं ते यासाठी, की हे लिहायची वेळ उशिरा यावी.

तर ती माझ्याकडे पाहत होती. खाटेवर, बोट अजून पापणीवर. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिच्या आवाजात राग नव्हता हो. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती की तिचं डोकं ठिकाणावर आहे. तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट उरली होती त्या दिवसाची, माझा आवाज. ती मलाच विचारत होती, कारण मी शिकलेली आणि मी खोटं कशाला बोलेन?

मी हसली. खरंच हसली. म्हटलं, 'नाही हो काकू. तुम्ही कामावर होत्याच कुठे? तुम्हाला भास झाला. डोक्याला मार लागला की होतं असं.'

'तसंच असन,' ती म्हणाली. 'मी म्हाताऱ्या डोक्याची, काय काय घेऊन बसते. तुह्यावर आळ घेत होती न मी मनात. माफ कर माय.'

मोबाइलवर हिरवी खूण आली. ओळख पटली होती. मी घरी येऊन बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं. बाया बोलणार नव्हत्या, आता काकूही बोलणार नव्हती, म्हणजे भीती कमी व्हायला पाहिजे होती ना? उलट वाढली. आता मला तिचीही भीती वाटते. ती ओट्यावर बसलेली असते आणि मला हाक मारते, ये, चहा घे. मी काम आहे म्हणते. तिला एखाद्या दिवशी सगळं आठवलं तर, म्हणून तिच्या तोंडाकडे पाहत राहते, आणि ती विचारते, काय पाहून रायली वो?

मागच्या महिन्यात सामाजिक अंकेक्षण आलं. म्हणजे बाहेरगावची मुलं-मुली येतात, कामं तपासतात, मजुरांना विचारतात आणि शेवटी गावासमोर सभेत वाचून दाखवतात. त्यातली एक मुलगी हुशार होती. दोन दिवस गावात फिरली. मी दोन दिवस जेवली नाही. सभेत तिनं विचारलं, शेततळ्यावर एक अपघात झाला होता असं कळतं, त्यांचं काय झालं? सचिवांनी सांगितलं की ती मजूर नव्हती. मुलगी म्हणाली, त्यांनाच विचारू. ती फोटो उघडेल, असं मला वाटलं. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता.

काकूला मुलानं धरून आणलं होतं. ती कुबडीवर उभी राहिली. शंभर-दीडशे लोक. माइक तिच्या हातात दिला, तो तिनं उलटा धरला, लोक हसले, तीही हसली. मग म्हणाली की चूक माझी होती, मी काड्याले गेली, मले कोणी बलावलं नोतं. आणि कोणी काही न विचारता ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, 'या पोरीले कोणी काही म्हणू नका. हिनं मले मातीतून काढलं. हे नसती तं मी नसती.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. शेजारच्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या मुलीनं लॅपटॉप उघडला नाही. काकूच्या नावानं कागद लिहिला, की ही घटना कामाशी संबंधित नाही, मी त्या दिवशी कामावर नव्हती, माझी काही तक्रार नाही. मोठ्यानं वाचून दाखवला. काकूनं मान हलवली. काकूला सही येत नाही, अंगठा पाहिजे होता. शाईचं पॅड आणलं. पण पडल्यापासून तिचा हात हलतो, अंगठा जागेवर ठरेना, पहिला ठसा फिसकटला. मुलीनं दुसरा कागद घेतला, पुन्हा सगळं लिहिलं आणि म्हणाली, कोणी तरी यांचा हात धरा. मुलगा मागे खुर्ची आणायला गेला होता. जवळ मी होती.

मी काही बोलू शकली असती. तेवढा वेळ होता. मुलगी लिहीत होती तितका वेळ होता, आणि माइक टेबलावर चालूच पडला होता.

काकूनं हात माझ्या हातात दिला आणि सैल सोडला. मी तिचा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर ठेवला, आणि वरून माझा अंगठा ठेवून दाबला.